मुलं दुखणं लपवतात, निवडीनंतर रुसतात: कबड्डी प्रशिक्षकाने काय उघड ठेवावं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं कबड्डी मंडळ, कुमार गटाची विसेक मुलं, प्रशिक्षक तरुण आणि स्वतः चांगला खेळलेला. मुलं समोर "हो सर, हो सर" करतात. पण एकाचा गुडघा महिनाभर दुखत होता हे स्पर्धेच्या सकाळी कळतं, संघ जाहीर झाला की दोघं-तिघं सरावाला यायचे बंद होतात, आणि भरवशाचा चढाईपटू शेजारच्या मंडळाशी बोलणी करतोय ही बातमी चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. मग मुलांशी मित्रासारखं वागावं का? त्यांना सगळंच सांगून टाकावं का?

मित्र होण्याची गरज नाही आणि सगळं सांगण्याचीही नाही. खेळाडूच्या नजरेतून बघा. त्याच्या चार गोष्टी तुमच्या हातात असतात: मॅटवरचा वेळ, बारा जणांतली जागा, त्याचं शरीर आणि त्याचे कागद, म्हणजे नोंदणी, प्रमाणपत्रं, ना हरकत दाखला. या चार बाबतींत निर्णय कशावरून होतो, कोण घेतो, कधी घेतो आणि तो बदलायची वाट कोणती, हे त्याला आधी माहीत असेल तर तो तुमच्यावर विसंबतो. माहीत नसेल तर तुम्ही एसटीत त्याच्याशेजारी बसून कितीही गप्पा मारा, गुडघा दुखल्याचं तो तुम्हाला सांगणार नाही. कारण सांगितल्यावर काय होईल याचा त्याला अंदाज नसतो, आणि अंदाज नसला की माणूस गप्प बसतो.

कर्ट डर्क्स यांनी अमेरिकेतल्या तीस महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. हंगामाच्या सुरुवातीलाच खेळाडूंचा प्रशिक्षकावर किती विश्वास आहे हे त्यांनी मोजलं होतं, आणि संघाची गुणवत्ता, आधीची कामगिरी वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही त्या विश्वासाचा पुढच्या निकालांशी संबंध दिसला. आपल्या मंडळांत उलटी समजूत आहे की आधी जिंका, मग मुलं आपोआप ऐकतील. जिंकल्याने विश्वास वाढतो हे खरं, पण पहिले सामने खेळायच्या आधीही बरंच काही करता येतं.

निवडीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त जखमा तिथेच होतात.

संघात बारा जण, सात मॅटवर आणि पाच राखीव. सरावाला वीस मुलं असतील तर आठ जण बाहेर राहणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. मग ते पहिल्या दिवशीच सांगा. निवडीचा निकष स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी कागदावर लिहून मॅटच्या शेजारच्या भिंतीवर लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला मजकूर दोन दिवसांत वर सरकून जातो आणि पुढे "मला दिसलाच नाही" सुरू होतं. भिंतीवरचा कागद रोज डोळ्यांसमोर राहतो.

त्या कागदावर "मेहनत, शिस्त, चिकाटी" असं लिहू नका. त्यातून कोणालाच काही कळत नाही. चढाईपटूसाठी लिहा: एकूण चढाया, स्पर्शाचे गुण, बोनसचे (बोनस रेषा ओलांडल्याचे) गुण, रिकाम्या म्हणजे गुण न घेता परतलेल्या चढाया, किती वेळा बाद झाला आणि तिसऱ्या चढाईवर काय केलं. स्पर्श आणि बोनस वेगळे मोजा. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतानाच बोनस मिळतो, त्यामुळे फक्त बोनस घेऊन परतणाऱ्या मुलाचा आकडा भरलेला दिसतो, पण समोरच्यांची संख्या कमी झाली की त्याच्याकडे दुसरं काही नसतं. तिसरी चढाई वेगळी मोजायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. बचावपटूसाठी लिहा: पकडीचे प्रयत्न, यशस्वी पकडी, घाईने पुढे घुसून फुकट दिलेले गुण आणि मॅटवर तीन किंवा कमी जण उरलेले असताना केलेल्या अव्वल पकडी.

हे आकडे तुम्ही एकट्याने नोंदवू नका. बाहेर बसलेल्या मुलांना आळीपाळीने दोघा-दोघांच्या जोडीने लिहायला लावा आणि तो कागद त्याच संध्याकाळी भिंतीवर लावा. आक्षेपासाठी एक दिवस द्या. "सर, ती चढाई रिकामी नव्हती, माझ्या पायाला मध्यरक्षक लागला होता" हा वाद त्या एका चढाईपुरता होतो आणि मिटतो. असे वीस छोटे वाद मिटले की शेवटचा मोठा वाद सहसा होतच नाही. नोंदणाऱ्या मुलांनाही खेळ वेगळ्या डोळ्यांनी दिसायला लागतो, हा वरचा फायदा.

आकडे किती सामन्यांचे असावेत? कुमार गटाच्या एका सराव सामन्यात मुख्य चढाईपटूला साधारण दहा-पंधरा चढाया मिळतात. त्यावरून काही ठरत नाही. चार सामने झाल्यावर चाळीस-पन्नास चढाया हातात येतात, तेव्हा थोडं बोलता येतं. शिवाय प्रत्येक सामन्यात सात-सातच्या जोड्या बदला. एकच मुलगा सतत तगड्या बचावापुढे आणि दुसरा सतत कच्च्या बचावापुढे चढाई करत असेल तर आकडे खोटं बोलतात, आणि मुलांना ते तुमच्या आधी कळतं.

आता यात काय बिघडतं ते सांगतो. संघ मनात आधीच ठरलेला असतो आणि आकड्यांचा कागद नुसता शोभेला लावलेला असतो. पहिल्या निवडीतच मुलं हे ओळखतात, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच कागदाला किंमत राहत नाही. खरं म्हणजे सगळी निवड आकड्यांवर होऊच शकत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या मुलाने घोटा धरला की त्याच क्षणी कव्हरने, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूने, येऊन चढाईपटूला दाबलं पाहिजे. कोपरारक्षक कितीही चांगला असला आणि कव्हर अर्धी पायरी उशिरा आला, तर घोटा सुटतो आणि दोघेही बाद होतात. म्हणून कधी कधी कमी आकड्यांचा, पण जोडीदाराच्या हालचालीवर हलणारा मुलगा घ्यावा लागतो. हे लपवू नका. कागदावरच लिहा: "पहिले नऊ आकड्यांवरून. उरलेले तीन जोड्या जुळवण्यासाठी, तो निर्णय माझा आणि त्याचं कारण मी प्रत्येकाला सांगेन." तुमचा अंदाज कुठे सुरू होतो ती रेघ दाखवली की अंदाजही मान्य होतो.

आणखी एक, गावाकडे हमखास येणारी गोष्ट. संघात तुमचा भाचा, पुतण्या किंवा मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा असेल तर ते सगळ्यांना माहीत असतंच. तुम्ही मात्र त्यावर बोलत नाही, आणि त्या न बोलण्याचा अर्थ मुलं आपापला लावतात. निवडीआधी सर्वांसमोर एका वाक्यात सांगा की हा माझा पुतण्या, त्याच्या जागेचा निर्णय मी करणार नाही, शेजारच्या मंडळाचे अमुक प्रशिक्षक दोन सराव सामने बघून सांगतील. मग खरोखर तसंच करा. मुलगा लायक असेल तर यात त्याचंही भलं आहे, नाहीतर हंगामभर त्याच्या प्रत्येक गुणावर कुजबुज होते.

निवड सांगायची रीत. यादी लावण्याआधी वगळलेल्या मुलांना एकेकट्याने सांगा. आधी वगळलेले, मग राखीव, शेवटी कर्णधार, हा क्रम. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं पुरतात. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगा. "रोहित, या स्पर्धेच्या बारा जणांत तू नाहीस. तुझ्या तेवीस चढायांतल्या तेरा रिकाम्या गेल्या, आणि तिसऱ्या चढाईवर पाच वेळा बाद झालास. उजव्या बाजूने आत शिरतोस, पण कोपरा पुढे सरकला की परतायला वाट ठेवत नाहीस. पुढचे चार आठवडे आपण त्यावर काम करायचं. चौथ्या आठवड्याच्या रविवारी सराव सामना आहे, त्यात मी हेच बघणार." नंतर गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. रडला तर रडू द्या, पाण्याची बाटली पुढे करा, भाषण नको.

काही वाक्यं टाळा. "तू फार चांगला खेळतोस रे, पण..." इथे "पण"च्या आधीचं सगळं वाया जातं आणि पुढच्या वेळी खरं कौतुक केलं तरी मुलगा "पण"ची वाट बघतो. "वरून दबाव होता" हे तर अजिबात नको. दबाव खरोखर असेल तर तुम्ही झुकलात असा त्याचा अर्थ होतो, नसेल तर ते खोटं. आणि "पुढच्या वेळी नक्की घेतो" असं वचन देऊ नका. पुढच्या वेळी कोण कसा खेळेल ते तुम्हाला माहीत नाही. जागेचं वचन देता येत नाही, पुन्हा बघण्याच्या तारखेचं देता येतं. दिलेली तारीख मात्र पाळा, नाहीतर आधी केलेलं सगळं धुऊन जातं.

जिल्हा संघाची निवड तुमच्या हातात नसते, तेही स्पष्ट सांगा. निवड समितीत तुम्ही आहात का, तुमच्या शब्दाला तिथे किती वजन आहे, चाचणीत एका मुलाला साधारण किती वेळ मिळतो. "मी बोलून ठेवलंय" असं सूचक हसून म्हणणारा प्रशिक्षक मुलाला आशेला लावतो, आणि निवड झाली नाही की तीच आशा रागात बदलते.

पालकांसाठी नियम एकच ठेवा: निवडीबद्दल बोलायचं तर निर्णयानंतर एक रात्र जाऊ द्यायची, मुलगा सोबत हवा, आणि बोलणं फक्त आपल्या मुलाबद्दल. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना सुरू झाली की थांबवायचं. हा नियम हंगामाच्या पहिल्या बैठकीत सांगितलेला असला की पुढे कोणाला अपमान वाटत नाही.

आता दुखापत. कबड्डीत बोटं, खांदा, गुडघा, घोटा आणि डोकं या जागा नेहमीच्या. मुलगा दुखणं लपवतो ते बहुतेक वेळा शूर म्हणून नव्हे, जागा जाईल म्हणून. ही भीती खोटी आहे असं सांगू नका, कारण ती खरी आहे. त्याच्या जागी दुसरा खेळणार आणि तो चांगला खेळला तर परत जागा मिळवावी लागणार. एवढंच सांगा की दुखणं ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशीचे त्याचे आकडे गोठवले जातील, बरा झाल्यावर तो त्याच आकड्यांपासून पुन्हा सुरू करेल, आणि मधल्या काळात तो संघासोबत येईल, बाकावर बसेल, नोंदी करेल. घरी पाठवलेला मुलगा बाकीच्यांना दिसतो, आणि पुढचा दुखावलेला मुलगा तोंड उघडत नाही.

रोजची एक सोपी पद्धत आहे. अंग गरम करण्याआधी प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर चार आकडे लिहायचे, एक म्हणजे वाईट ते पाच म्हणजे उत्तम: झोप, अंगदुखी, दम आणि मन. खाली एका ओळीत कुठे दुखतंय ते. हे तोंडी विचारू नका. सगळ्यांसमोर सतरा वर्षांचा मुलगा "बरं आहे सर" याशिवाय काही म्हणत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने आजचा सराव किती जड गेला हे शून्य ते दहात विचारा आणि त्याला सरावाच्या मिनिटांनी गुणा. नव्वद मिनिटांचा सराव सातचा वाटला तर सहाशे तीस. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा अचानक फुगली तर कोणाच्या पायावर भार पडतोय ते दिसतं.

चिठ्ठ्यांची ही पद्धत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आठवड्यातच मरते, आणि त्याचं कारण एकच असतं. मुलगा झोपेला एक लिहितो, गुडघ्यावर खूण करतो, आणि तरी सर त्याला बाकीच्यांसारख्याच वीस बैठका-उड्या मारायला लावतात. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चिठ्ठीवर सगळीकडे पाच दिसायला लागतात. म्हणून चिठ्ठी वाचली की त्याच सरावात काहीतरी बदला आणि ते त्याला दिसू द्या. उड्यांऐवजी सायकल किंवा हाताचे व्यायाम द्या, किंवा पकडीच्या सरावातून काढून नोंदीला बसवा. आणि कारण चारचौघांत जाहीर करू नका. "आज तू इकडे ये" एवढं पुरतं. मुलाने सांगितलेल्या दुखण्यावर तुम्ही किती लवकर हललात, यावरून पुढचा मुलगा सांगायचं की नाही ते ठरवतो.

डोक्याला मार हा अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी सर्वांसमोर बोलून ठेवा. धडक बसून डोकं आपटलं, मुलगा गोंधळला, उलटीसारखं झालं, उजेड सहन होईना, स्कोर आठवेना, तर तो त्या दिवशी परत मॅटवर येणार नाही. अंतिम सामना असो, एका गुणाचा फरक असो. आधी डॉक्टर. शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा झटका आला तर थेट रुग्णालय. पहिले एक-दोन दिवस आराम, मग टप्प्याटप्प्याने चालणं, पळणं, एकट्याचा सराव, प्रत्येक टप्प्याला किमान चोवीस तास आणि लक्षणं परत आली की एक पायरी मागे. अंगाशी भिडणारा सराव डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. अठरा वर्षांखालच्या मुलांना यापेक्षा जास्त वेळ द्या. इथे मुलाचं मत विचारायचं नाही, आणि विचारणार नाही हे त्याला आधीच माहीत असावं. गुडघ्याच्या सांध्यातला पुढचा अस्थिबंध (एसीएल) फाटून शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत सामना खेळवणं म्हणजे तोच गुडघा पुन्हा जाण्याचा मोठा धोका. पालकांना हा आकडा पहिल्या भेटीतच सांगा, दर महिन्याला "अजून एक महिना" करत नेऊ नका.

वजन हा कबड्डीतला खास दुखरा विषय. कुमार आणि किशोर गटांना वजनाची मर्यादा असते, ती त्या वर्षीच्या परिपत्रकात बघून घ्या आणि सहा आठवडे आधी मुलांचं वजन करा. एकेकाला बोलवा, एकच काटा, सकाळी, खाण्याआधी. आकडा मोठ्याने वाचू नका. मर्यादेपेक्षा दोन-तीन किलो वर असलेल्या, वीस वर्षांच्या आसपासच्या मुलाला सहा आठवड्यांत, आठवड्याला अर्धा किलोच्या हिशेबाने, जेवण सांभाळून खाली आणता येतं. सहा किलो वर असलेल्याला त्याच दिवशी सांगा की या गटात तू यंदा बसत नाहीस, वरच्या गटाची तयारी करू. वाईट वाटेल, पण सहा आठवडे आशेवर ठेवून शेवटच्या तीन दिवसांत उपाशी, घामाने निथळत, रबरी कपडे घालून पळवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. अंगातलं दोन टक्के पाणी गेलं तरी खेळ मंदावतो. किशोर गटातली मुलं तर वाढीच्या वयात असतात, त्यांचं वजन उतरवायचंच नाही.

"पाणी काढायच्या" गोळ्या हा याच्या पुढचा उद्योग. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधांवर उत्तेजक द्रव्यांच्या नियमांत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. नमुन्यात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. मुलांना हे असंच, नाव घेऊन सांगा. बंदीची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, आणि दुकानातल्या प्रोटीन पावडरच्या डब्यात काय मिसळलंय याची खात्री कोणी देत नाही, हेही सांगा. ज्या प्रशिक्षकाने हे आधी बोलून ठेवलंय त्याला मुलगा गोळी घेण्याआधी विचारतो.

वयाच्या दाखल्याबद्दल थोडं कडक बोलतो. कुमार गटात एकविशीचा मुलगा खोट्या जन्मतारखेवर खेळवला तर आयोजकांना कदाचित कळणार नाही, पण तुमच्या वीसच्या वीस मुलांना ते माहीत असतं. त्यांच्या लेखी याचा अर्थ सरळ आहे: फायदा असला की सर खोटं बोलतात. मग त्यांना दिलेल्या कुठल्या शब्दावर त्यांनी विसंबावं? या एका गोष्टीने जेवढं नुकसान होतं तेवढं पाच स्पर्धा हरून होत नाही.

पैसा आणि कागद. देणगीदाराने जर्सीला किती दिले, प्रवेश शुल्क किती, गाडीभाडं किती, हा हिशेब एका पानावर स्पर्धेनंतर आठवड्याभरात भिंतीवर लावा. बक्षिसाची वाटणी स्पर्धेआधी ठरवा: रोख रकमेतला किती भाग बारा जणांत सारखा, किती साहित्याला, किती प्रवासाला. मालिकावीराला सायकल किंवा मोटारसायकल मिळते, तेव्हा ती त्या मुलाची की मंडळाची, हे जिंकल्यावर ठरवायला बसलात तर मंडळ फुटतं. बाहेर बसून नोंदी केलेल्या राखीव मुलालाही सारखाच वाटा द्या, मग त्याला रुसायचं कारण उरत नाही.

मूळ प्रमाणपत्रं मुलाच्या हातात द्या, मंडळाच्या कपाटात छायाप्रती ठेवा. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. त्या कागदाच्या भरवशावर घरचे लोक त्याला सरावाला पाठवतात. प्रमाणपत्र अडकवून ठेवलं की मुलगा मंडळ सोडणार नाही, असा हिशेब काही ठिकाणी चालतो. मुलगा एखाद-दुसरा हंगाम राहतो, मनाने मात्र त्याच दिवशी गेलेला असतो.

तुमचा चढाईपटू शेजारच्या मंडळाशी बोलतोय, त्यावर इथे उत्तर मिळेल. त्याला बोलवा आणि कोणाकडून कळलं याची चौकशी न करता म्हणा: "तिकडून बोलावणं आलंय असं ऐकलं. मी तुला दोन्ही बाजू सांगतो. तू गेलास तर माझा संघ कमजोर होतो, म्हणून माझा सल्ला पूर्ण निःपक्ष नाही, तेवढं लक्षात ठेवून ऐक." मग खरंच दोन्ही बाजू सांगा: तिकडे मॅट आहे का, प्रशिक्षक कोण, त्याच्या जागेवर आधीपासून किती जण आहेत, तिथून पोलीस, रेल्वे किंवा कंपनीच्या संघांपर्यंत कोण पोचलंय, नोंदणी बदलायची मुदत काय. आपला स्वार्थ स्वतःच उघड केला की सल्ल्याचं वजन वाढतं. आणि जायचं ठरवलं तर ना हरकत दाखला आठवड्याच्या आत द्या. तो जातो, पण बाकीचे एकोणीस बघत असतात.

काय सांगू नये, तेही तितकंच महत्त्वाचं. एका मुलाची दुखापत, घरची अडचण, फी थकलेली, हे दुसऱ्याला नाही. सहप्रशिक्षकाबद्दलची नाराजी, जिल्हा संघटनेतलं राजकारण, तुमच्या घरातले प्रश्न, हे मुलांना नाही. मुलांपुढे मन मोकळं केल्याने जवळीक वाढली असं प्रशिक्षकाला वाटतं, मुलांवर मात्र ओझं पडतं, आणि शिवाय "सर माझ्याबद्दलही असंच कुठेतरी बोलत असतील" ही शंका शिरते. विचारलं तर "हे मी सांगू शकत नाही" असं सरळ म्हणा. "काही नाही रे, सहज" म्हणून टाळू नका.

"कोणाला सांगणार नाही ना?" असं अल्पवयीन मुलाने विचारलं तर हो म्हणू नका. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२चा कायदा, म्हणजे पोक्सो, असा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक करतो, न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणून आधीच सांगा: "तुझ्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला न सांगता मी काही करणार नाही." १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लावा. एकट्याशी बोलणं लोकांना दिसेल अशा जागी करा, आवाज पोचणार नाही एवढ्या अंतरावर. रात्रीचे खाजगी निरोप नकोत, निरोपात पालक किंवा दुसरे प्रशिक्षक असू द्या. मुलींचा संघ असेल तर दौऱ्यावर एक जबाबदार बाई सोबत हवीच.

स्वतःच्या चुकीबद्दल फार बोलावं लागत नाही, वेळेवर बोलावं लागतं. सामन्यानंतरच्या बैठकीत पहिली पाच मिनिटं तुमच्या निर्णयांची ठेवा: बदली खेळाडू कधी पाठवला, तीस सेकंदांची विश्रांती कधी मागितली, तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवलं. "अख्खा संघ बाद होऊन लोण पडायला दोनच जण उरले होते तेव्हा विश्रांती घ्यायला हवी होती, मी ती शेवटासाठी राखून ठेवली आणि लोण पडला." एवढंच. लांबण लावू नका, कारणं देऊ नका, आणि त्याच वाक्याच्या शेपटीला मुलांची चूक जोडू नका. यानंतर "मी कव्हर सोडून पुढे गेलो" असं एखादा मुलगा आपणहून म्हणतो. पहिल्या दोन-तीन सामन्यांनंतर कदाचित कोणी बोलणार नाही. तरी क्रम मोडू नका.

जिथे आधीच बिनसलंय तिथे एकदम सगळं सुरू करू नका, मुलांना ते नाटक वाटतं. हिशेबाचं पान आणि मूळ प्रमाणपत्रं पहिल्या आठवड्यात, कारण ती मागच्या वेळची थकबाकी आहे. दुसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या. निवडीचा कागद पुढच्या स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. सराव सोडून गेलेल्या मुलांच्या घरी एकदा जा, परत ये म्हणायला नव्हे, मागच्या वेळी का वगळलं ते आकड्यांसह सांगायला. आकडे ठेवलेले नसतील तर तेही तसंच सांगा आणि पुढच्या सराव सामन्याची तारीख देऊन या. आणि दुखणं सुरू झालेला दिवस व मुलाने ते सांगितलेला दिवस, या दोन तारखा वहीत शेजारी शेजारी लिहीत चला. दर महिन्याला त्यांच्यातलं अंतर बघा. ते कमी होत नसेल तर आधी चिठ्ठ्या तपासा: गेल्या पंधरा दिवसांत किती जणांनी दुखणं लिहिलं, आणि त्यातल्या किती जणांचा सराव त्या दिवशी खरोखर बदलला.